जुन्या मोटारीत क्रूझ कंट्रोल बसविणे : तत्त्व, जोडणी आणि सुरक्षितता

सारांश

मूळ रचनेत क्रूझ कंट्रोल नसलेल्या जुन्या मोटारीत ही यंत्रणा नंतर बसविता येते. प्रस्तुत लेखात तिचे तत्त्व, जोडणीचे प्रमुख प्रकार आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे. वेग धरून ठेवण्याच्या क्षमतेपेक्षा चालकाच्या इशाऱ्यासरशी तो सोडून देण्याची क्षमता हाच अशा जोडणीचा खरा निकष होय, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजशब्द : क्रूझ कंट्रोल, थ्रॉटल, स्वयंचलित नियंत्रण, ब्रेक स्विच, वाहन सुरक्षितता.

१. प्रस्तावना

लांबच्या प्रवासात चालकाचा उजवा पाय तासन् तास ॲक्सिलरेटरच्या पेडलवर एकाच कोनात रोखलेला असतो. रस्ता सरळ आणि मोकळा असला की या अवघडलेपणाची जाणीव अधिक होते. शिवाय वेग नकळत वाढत जातो, हेही अनुभवाचेच आहे. क्रूझ कंट्रोल ही यंत्रणा चालकाने ठरवून दिलेला वेग पेडलवर पाय न ठेवता कायम राखते. नव्या मोटारींपैकी अनेकांत ती कारखान्यातूनच बसवून येते. परंतु ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वीची सुस्थितीतील मोटार आहे, त्यांच्यापुढे ती नंतर बसविण्याचा पर्याय असतो.

हा पर्याय रेडिओ किंवा धुक्याचे दिवे बसविण्यासारखा नाही. रेडिओ बिघडला तर प्रवास नीरस होतो. क्रूझ कंट्रोलची जोडणी सदोष असेल तर इंजिनची सूत्रे एका अशा यंत्राच्या हाती राहतात, ज्याला पुढचा रस्ता दिसत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर अंतर कापते. म्हणूनच या जोडणीचा विचार करताना दोन प्रश्न वेगवेगळे मांडले पाहिजेत : यंत्रणा वेग कसा धरते, आणि ती वेग कसा सोडते. बाजारात पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याची त्या मानाने कमी होते.

२. संकल्पनेचा उगम

यंत्राचा वेग आपोआप स्थिर ठेवण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. जेम्स वॅट याने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी फिरत्या गोळ्यांचा गतिनियंत्रक वापरला. वेग वाढला की गोळे केंद्रापासून दूर फेकले जात आणि वाफेची झडप अंशतः मिटे. वेग कमी झाला की गोळे जवळ येत व झडप उघडे. अशा नियंत्रकांच्या स्थैर्याचे गणिती विवेचन जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ मध्ये केले. स्वयंचलित नियंत्रणशास्त्राच्या आरंभीच्या लेखनात त्या निबंधाची गणना होते.

मोटारीतील क्रूझ कंट्रोलचे जनकत्व अमेरिकेतील इंडियाना राज्यातील अभियंता राल्फ टीटर (१८९०–१९८२) यांच्याकडे जाते. बालपणीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. तरीही ते यंत्र-अभियंता झाले, पिस्टन-रिंगा बनविणाऱ्या पर्फेक्ट सर्कल या कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९३६ मध्ये अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. त्यांचे वकील मित्र मोटार चालविताना बोलू लागले की वेग कमी करीत आणि ऐकू लागले की वाढवीत; शेजारी बसलेल्या टीटर यांना त्या हिसक्यांचा त्रास होई, आणि त्यातूनच ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्यांच्या यंत्रणेला १९५० मध्ये पेटंट मिळाले. क्रायस्लर कंपनीने १९५८ च्या आपल्या मोटारींत ती ‘ऑटो-पायलट’ या नावाने दिली. ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव कॅडिलॅकने रूढ केले.

या इतिहासातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. टीटर यांच्या पेटंटच्या शीर्षकात ॲक्सिलरेटरच्या हालचालीला ‘विरोध करणारे’ साधन असे शब्द आहेत. ठरविलेला वेग आला की पेडल जड लागावे आणि चालकाला सूचना मिळावी, हा मूळ विचार होता. वेग यंत्रानेच धरून ठेवण्याची सोय नंतर जोडली गेली. म्हणजे यंत्रणेच्या जन्मकाळी अंतिम सूत्र चालकाच्या पायातच होते. ते सूत्र यंत्राकडे गेल्यावर ते क्षणार्धात परत घेण्याची सोय अपरिहार्य ठरली.

३. वेग कायम राखणे म्हणजे काय

समजा, १००० किलो वजनाची एक लहान मोटार सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जात आहे. टायरच्या लोळण-घर्षणाचा विरोध साधारण १३० न्यूटन आणि हवेचा विरोध साधारण २०० न्यूटन धरला, तर हा वेग टिकविण्यासाठी चाकांपाशी सुमारे ७.५ किलोवॅट शक्ती पुरते. रस्त्याला शेकडा ३ इतका साधा चढ लागला की गुरुत्वाकर्षणाचा विरोध सुमारे २९४ न्यूटनांनी वाढतो आणि आवश्यक शक्ती १४ किलोवॅटच्या आसपास जाते. डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या चढाने इंजिनवरील मागणी जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे थ्रॉटल एका जागी बांधून ठेवल्याने वेग स्थिर राहत नाही. वेग सतत मोजावा लागतो, ठरविलेल्या वेगाशी ताडून पाहावा लागतो आणि त्या फरकाप्रमाणे थ्रॉटल हलवावा लागतो. यालाच बंद-फेरीचे नियंत्रण म्हणतात.

नियंत्रकाचा निर्णय तीन बाबींवर आधारलेला असतो. पहिली, या क्षणी फरक किती आहे. केवळ एवढ्यावर भिस्त ठेवली तर चढावर मोटार ठरविलेल्या वेगापेक्षा थोडी मागेच राहते, कारण फरक शून्य झाला तर जादा थ्रॉटलही उरत नाही. दुसरी, फरक किती काळ साचत आला आहे. या साठ्यामुळे उरलेली तूट हळूहळू भरून निघते. तिसरी, वेग कोणत्या दराने बदलत आहे. त्यावरून पुढचा अंदाज घेऊन हालचाल सौम्य करता येते. तिन्हींचे प्रमाण मोटारीच्या वजनाशी व इंजिनच्या शक्तीशी जुळणारे असावे लागते. म्हणूनच सार्वत्रिक संचांत इंजिनच्या सिलिंडरांची संख्या किंवा संवेदनक्षमता ठरविण्यासाठी लहान स्विच दिलेले असतात. ते चुकीचे लावले तर मोटार सतत पुढे-मागे हिसके देते किंवा चढावर फारच मंदपणे सावरते.

दीर्घ चढावर एक वेगळीच अडचण उद्भवते. थ्रॉटल पूर्ण उघडूनही वेग घसरत असेल तर तुटीचा साठा वाढतच जातो. माथ्यावर पोहोचल्यावर हा साठा ओसरेपर्यंत मोटार ठरविलेल्या वेगाच्या पुढे धावते. चांगले नियंत्रक या साठ्याला मर्यादा घालतात, तसेच वेग ठरावीक प्रमाणापेक्षा खाली गेला तर स्वतःहून सुटतात. कमी शक्तीच्या जुन्या मोटारीत हे वारंवार घडते. तो यंत्रणेचा दोष नसून इंजिनची मर्यादा असते.

४. जोडणीचे तीन मार्ग

जुनी मोटार कोणत्या पिढीची आहे, म्हणजेच पेडल आणि इंजिन यांचा संबंध कशाने जोडला आहे, यावर जोडणीचा प्रकार अवलंबून असतो.

(अ) व्हॅक्यूमवर चालणारी यंत्रणा : पेट्रोल इंजिनात थ्रॉटल अर्धवट मिटलेला असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो. या व्हॅक्यूमने रबरी पडदा ओढला जातो आणि पडद्याला जोडलेली केबल थ्रॉटल उघडते. एक विद्युत्-झडप व्हॅक्यूम आत घेते, दुसरी बाहेरची हवा सोडून तो कमी करते. या पद्धतीत एक विरोधाभास आहे. चढावर थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, आणि थ्रॉटल उघडताच मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम घटतो. म्हणजे ज्या क्षणी अधिक ओढ हवी, त्याच क्षणी ओढीचा स्रोत आटतो. यावर उपाय म्हणून एकमार्गी झडप असलेली व्हॅक्यूमची टाकी जोडतात. डिझेल इंजिनात असा व्हॅक्यूम सहसा नसतो. तेथे ब्रेकच्या साहाय्यकासाठी असलेल्या व्हॅक्यूम पंपाचा आधार घ्यावा लागतो. मात्र त्याच्या नळीला फाटा काढताना एकमार्गी झडप नसेल तर ब्रेकच्या साहाय्यालाच धक्का पोहोचू शकतो, हे विसरता कामा नये.

(आ) विद्युत् मोटरवर चालणारी यंत्रणा : यात एक लहान मोटर दंतचक्रांमार्फत पुलीवर केबल गुंडाळते. मोटर आणि पुली यांच्यामध्ये विद्युत्-चुंबकीय क्लच असतो. प्रवाह असेल तोवरच क्लच पकड घेतो. प्रवाह तुटताच पुली मोकळी होते व थ्रॉटलची स्प्रिंग त्याला मिटविते. इंजिनच्या व्हॅक्यूमची गरज नसल्याने यांत्रिक इंधनपंप असलेल्या डिझेल मोटारींनाही हा प्रकार सोयीचा आहे.

या दोन्ही प्रकारांत केबल जोडण्याचे काम वरवर सोपे दिसते. प्रत्यक्षात तेथेच सर्वाधिक काळजी लागते. केबलची ओढ थ्रॉटलच्या लिव्हरच्या हालचालीशी एका रेषेत असावी. मूळ केबलने पेडल दाबले असता नवी केबल सैल पडून बाजूच्या भागात अडकता कामा नये. बहुतेक संचांत यासाठी मण्यांची साखळी किंवा सरकती कडी दिलेली असते. थोडी ढील आवश्यक असते, कारण ढील नसेल तर इंजिन निष्क्रिय गतीवर पूर्ण उतरत नाही. पण ढील फार झाली तर नियंत्रण हिसके देते. मूळ स्प्रिंग कधीही काढू नये किंवा मऊ करू नये. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकांपैकी १२४ क्रमांकाच्या मानकानुसार थ्रॉटल निष्क्रिय स्थितीत परत आणणारे किमान दोन शक्तिस्रोत असावे लागतात, जेणेकरून एक स्प्रिंग तुटली तरी दुसरी काम करील. वीस वर्षे इंजिनच्या उष्णतेत राहिलेल्या स्प्रिंगवर नवा भार टाकण्यापूर्वी ती बदलून घेणे शहाणपणाचे ठरते.

(इ) इलेक्ट्रॉनिक पेडलची यंत्रणा : १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक मोटारींत पेडल व थ्रॉटल यांमधील केबल नाहीशी झाली. पेडलची स्थिती दोन स्वतंत्र संवेदक विद्युत्-दाबाच्या रूपाने इंजिनच्या संगणकाला कळवितात. बऱ्याच रचनांत एका संवेदकाचा दाब दुसऱ्याच्या दुप्पट असतो. दोघांचे प्रमाण बिघडले तर संगणक ते दोष मानून इंजिनची शक्ती मर्यादित करतो. अशा मोटारींसाठी पेडल आणि संगणक यांच्यामध्ये बसणारे उपकरण मिळते. ते दोन्ही संदेशांची हुबेहूब नक्कल करून संगणकाला जणू पेडल दाबलेले आहे असे भासविते. यात केबल अडकण्याचा धोका नसतो. परंतु संगणकाची तपासणी आता पेडलऐवजी नकलेची होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

याच पिढीतील काही मोटारींत आणखी सोपा मार्ग असतो. १९९७ मध्ये आलेली चौथ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ आणि तिच्याच सांगाड्यावर आधारलेली, भारतात २००० च्या दशकात विकली गेलेली पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया ही त्याची उदाहरणे होत. त्यांच्या अनेक इंजिन-आवृत्त्यांत क्रूझ कंट्रोलचा कार्यक्रम इंजिनच्या संगणकात आधीपासूनच असतो. केवळ चालवायची दांडी आणि तिच्या वायरी दिलेल्या नसतात. योग्य दांडी बसवून, वायरी संगणकापर्यंत नेऊन, निदान-उपकरणाने तो कार्यक्रम जागा केला की काम पूर्ण होते. येथे ब्रेक व क्लचचे स्विच, वेगाची मोजणी आणि दोषांची तपासणी हे सारे उत्पादकाच्याच रचनेतले असते. म्हणून कोणताही संच विकत घेण्यापूर्वी आपल्या मोटारीत ही सोय सुप्त स्वरूपात आहे काय, याची चौकशी प्रथम करावी.

५. वेगाची मोजणी

ज्या जुन्या मोटारीत वेगमापकाला फिरती केबल असते, तेथे नियंत्रकाला वेगाचा विद्युत्-संदेश वेगळा मिळवून द्यावा लागतो. त्यासाठी चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टवर लहान चुंबक बांधून त्यांच्यासमोर वेटोळे बसवितात. चाकाचा घेर १.८ मीटर असेल तर चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ५५६ फेरे घेते. समोरील चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीच्या शाफ्टवर दोन चुंबक बसविले तर ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे २५ स्पंद मिळतात. मागील चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीचा लांब प्रोपेलर शाफ्ट चाकांच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो; तेथे त्याच वेगाला एका चुंबकानेही दुप्पट स्पंद मिळतात. चुंबक परस्परविरुद्ध बाजूंना, समान अंतरावर असावेत. ते एकाच बाजूला आले तर स्पंदांतील अंतर कमीजास्त होते, नियंत्रक त्यालाच वेगातील बदल समजतो आणि मोटार हिसके देऊ लागते. शाफ्टवरील पट्टा निसटला तर संदेशच बंद पडतो. अशा वेळी वेग शून्य झाला असे समजून थ्रॉटल अधिक न उघडता यंत्रणा सुटली पाहिजे. सुमारे ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी वेगाला बहुतेक यंत्रणा काम करीत नाहीत, त्यामागे वर्दळीतील सुरक्षिततेइतकेच मोजणीच्या विश्वसनीयतेचेही कारण आहे.

६. सुटकेची व्यवस्था

आता या विषयाच्या गाभ्याकडे येता येईल. यंत्रणा सुटण्याचे किमान तीन मार्ग हवेत : ब्रेक, क्लच आणि हाताचा स्विच. शिवाय त्यांपैकी ब्रेकच्या मार्गाला स्वतःची अशी दुहेरी व्यवस्था हवी.

ब्रेकचा पहिला मार्ग ब्रेकच्या दिव्यांतून जातो. पेडल दाबले की स्विच जुळतो आणि मागचे दिवे लागतात. पेडल न दाबलेल्या स्थितीत स्विचच्या दिव्याकडील वायर दिव्यांच्या थंड तारांमधून अर्थशी जोडलेली असते, कारण थंड तारेचा विद्युत्-विरोध अत्यल्प असतो. अनेक संचांचा नियंत्रक ही अर्थची जोडणी सतत तपासतो. पेडल दाबताच तेथे १२ व्होल्ट येतात व यंत्रणा सुटते. सर्व दिवे जळाले, वायर तुटली किंवा जोड निसटला, तर अर्थ मिळत नाही आणि यंत्रणा सुरूच होत नाही. बिघाड झाला तर सुरक्षित बाजूला कललेली अशी ही चतुर रचना आहे.

मात्र जुन्या मोटारीत हौसेने एलईडी दिवे लावले असतील तर हे गणित बिघडते. एलईडीतून अशी थेट अर्थ मिळत नाही. नियंत्रकाला दिवे गेले असे वाटते व यंत्रणा चालू होण्यास नकार देते. काही वेळा कारागीर ही वायर सरळ सांगाड्याला जोडून मोकळे होतात. यंत्रणा लगेच चालू होते आणि काम झाले असे वाटते. पण त्याच क्षणी ब्रेकचा एक मार्ग कायमचा बंद झालेला असतो. योग्य उपाय म्हणजे एक तरी तारेचा दिवा कायम ठेवणे, किंवा ब्रेक स्विचवर चालणारा असा रिले वापरणे, की जो पेडल सुटे असताना अर्थ देईल व दाबताच १२ व्होल्ट देईल.

ब्रेकचा दुसरा मार्ग पहिल्यावर अवलंबून नसावा. व्हॅक्यूमच्या यंत्रणेत ब्रेक पेडलपाशी एक यांत्रिक झडप बसवितात. पेडल खाली जाताच ती उघडते, बाहेरची हवा पडद्यामागे शिरते आणि विजेची कोणतीही अवस्था असली तरी ओढ नाहीशी होते. विद्युत् मोटरच्या यंत्रणेत हेच काम पेडलपाशी बसविलेला, एरवी जुळलेला असणारा स्विच करतो. पेडल दाबताच तो क्लचचा प्रवाह थेट तोडतो. नियंत्रकातील इलेक्ट्रॉनिक भाग गोठून गेला तरी प्रवाहच नसल्यामुळे पुली सुटते. एकाच बिघाडाने दोन्ही मार्ग निकामी होणार नाहीत, ही कसोटी प्रत्येक जोडणीला लावून पाहावी. दोन्ही मार्ग एकाच फ्यूजवर किंवा एकाच अर्थच्या स्क्रूवर असतील, तर त्यांना दोन म्हणण्यात अर्थ नाही.

हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत क्लचचा स्विच ऐच्छिक मानणे चुकीचे आहे. क्रूझ कंट्रोल चालू असताना क्लच दाबला की इंजिनवरील भार एकदम जातो, पण थ्रॉटल उघडाच राहतो. इंजिन क्षणार्धात धोक्याच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते. काही संच इग्निशन कॉइलच्या संदेशावरून इंजिनचे फेरे मोजतात आणि ते अचानक वाढले तर सुटतात. डिझेल इंजिनाला इग्निशन कॉइल नसते. तेथे फेऱ्यांचा संदेश अल्टरनेटरवरून घेता येतो. तरीही ही केवळ दुसऱ्या फळीची व्यवस्था होय. क्लचपाशी स्वतंत्र स्विच हवाच.

हाताचा स्विच चालकाला न पाहता सापडेल अशा जागी असावा. स्टिअरिंग चाकात एअरबॅग असेल तर त्याच्या आवरणात छिद्रे पाडून स्विच बसविण्याचा मोह टाळावा. दांडीवर किंवा डॅशबोर्डवर तो अधिक सुरक्षित असतो.

७. एका स्विचचा धडा

सुटकेच्या व्यवस्थेचाही वीजपुरवठा विचारपूर्वक करावा लागतो, हे फोर्ड कंपनीच्या मोटारींच्या प्रकरणातून दिसून आले. कंपनीच्या अनेक मोटारींत क्रूझ कंट्रोल सोडविणारा एक जादा स्विच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर बसविलेला होता. ब्रेकमधील द्रवाचा दाब वाढला की तो यंत्रणा तोडत असे. त्याच्या एका बाजूला ब्रेकचा द्रव आणि दुसऱ्या बाजूला विजेचे संपर्क होते. मध्ये पातळ पडदा होता. कालांतराने पडद्याला तडे जाऊन द्रव आत झिरपू लागला. स्विचला बॅटरीचा पुरवठा सतत चालू असल्यामुळे आतील भाग गंजत व तापत जाऊन, इंजिन बंद करून उभ्या ठेवलेल्या मोटारींनाही आगी लागल्या. १९९९ पासून मोटारी परत बोलावून दुरुस्त करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि २००९ अखेर त्यांत आलेल्या वाहनांची एकूण संख्या १ कोटी ४० लाखांच्या वर गेली.

सुरक्षिततेसाठी म्हणून जोडलेला भागच येथे धोक्याचे कारण ठरला. नंतर बसविलेल्या यंत्रणेसाठी यातून तीन नियम निघतात. यंत्रणेचा पुरवठा बॅटरीवरून थेट न घेता किल्ली फिरविल्यावरच चालू होणाऱ्या वायरीवरून घ्यावा. पुरवठ्याच्या उगमाजवळ संचात सांगितलेल्या क्षमतेचाच फ्यूज असावा. तो वारंवार उडतो म्हणून मोठा घालू नये. तसेच जोडणी एकदा केली की काम संपले असे न मानता स्विच, नळ्या व केबल यांची दर वर्षी तपासणी करावी.

८. चाचणीचा क्रम

जोडणी पूर्ण झाल्यावर पहिली चाचणी मोटार उभी ठेवून, इंजिन बंद व किल्ली चालू अशा स्थितीत करावी. निदानासाठी दिलेला दिवा असेल तर ब्रेक, क्लच आणि हाताचा स्विच यांचा प्रत्येकाचा संदेश स्वतंत्रपणे पोहोचतो काय, हे पाहावे. त्यानंतर इंजिन चालू करून पेडल पूर्ण दाबून सोडावे; इंजिनचे फेरे न अडखळता खाली यावेत. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कोणतीही वायर ताणली जात नाही याची खात्री करावी.

रस्त्यावरील चाचणी कोरड्या, सपाट व निर्मनुष्य रस्त्यावर, शेजारी दुसरी व्यक्ती असताना, ताशी ५० किलोमीटरच्या आसपास करावी. ब्रेक पेडल केवळ दिवा लागेल इतके हलकेच दाबावे. ब्रेकची पकड जाणवण्याआधीच यंत्रणा सुटली पाहिजे. क्लच व हाताचा स्विच यांची चाचणी वेगवेगळी करावी. मग ब्रेकचा एक मार्ग मुद्दाम तोडून, मोटार उभी असताना जोड काढून, दुसरा मार्ग एकटा काम करतो काय हे पाहावे आणि पुन्हा उलट करावे. ही शेवटची पायरी बहुधा वगळली जाते. पण दोन मार्ग एकत्र तपासले तर त्यांपैकी एक निकामी असला तरी कळत नाही. कितीही अडचण आली तरी धावत्या मोटारीची किल्ली काढू नये, कारण स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. ब्रेक घट्ट दाबून गिअर न्यूट्रलमध्ये टाकणे हाच त्या वेळचा मार्ग होय.

९. वापराच्या मर्यादा

नंतर बसविलेले साधे क्रूझ कंट्रोल पुढील वाहनाचे अंतर ओळखत नाही. ते थ्रॉटल मिटवू शकते, ब्रेक लावू शकत नाही. त्यामुळे तीव्र उतारावर मोटार ठरविलेल्या वेगाच्या पुढे जाते. ओल्या रस्त्यावर शक्ती मिळणारी चाके घसरली तर चाकांच्या वेगावरून घेतलेला निर्णय चुकतो. पावसाळ्यात, घाटात आणि वर्दळीत ते बंद ठेवावे, हे यावरून ओघानेच येते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा बोरघाटाचा टप्पा हे त्याचे जवळचे उदाहरण आहे.

याउलट ७०१ किलोमीटर लांबीच्या, जून २०२५ मध्ये पूर्णतः खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर या यंत्रणेचा मोह अधिक होणार, हे उघड आहे. तेथे निराळी दक्षता हवी. पायाला काम उरले नाही की मनही सैलावते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनासाठी झालेल्या अभ्यासाचा १९८९ मधील अहवाल सांगतो की, मोटार अचानक वेग घेण्याच्या तक्रारींमागे बहुतांश वेळा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडलेला पाय हे कारण होते. क्रूझ कंट्रोल चालू असताना उजवा पाय आखडून किंवा दूर पसरून बसल्यास ऐन वेळी पेडल शोधावे लागते. पाय ब्रेकच्या समोर टेकवून ठेवण्याची सवय यंत्रणेइतकीच महत्त्वाची आहे. शिवाय महामार्गाची वेगमर्यादा हा जुन्या मोटारीसाठी ठरविण्याचा वेग नव्हे. तो तिचे टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन यांच्या अवस्थेवरून ठरवावा.

कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात याचा पुनरुच्चार केला. क्रूझ कंट्रोलमुळे इंधनाचा प्रकार, सांगाडा किंवा आसनसंख्या बदलत नाही. तरीही बसविलेल्या संचाची पावती व माहिती जपून ठेवणे आणि विमा कंपनीला लेखी कळविणे मालकाच्या हिताचे आहे.

१०. समारोप

जुन्या मोटारीत क्रूझ कंट्रोल बसविणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि लांबच्या प्रवासात ते उपयुक्तही आहे. मोटारीत ती सोय सुप्त असेल तर ती जागी करणे हा सर्वोत्तम मार्ग होय. तसे नसेल तर इंजिन व पेडल यांच्या रचनेनुसार व्हॅक्यूमचा, विद्युत् मोटरचा किंवा इलेक्ट्रॉनिक पेडलचा संच निवडावा. ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग, क्लचचा स्विच आणि हाताचा स्विच यांपैकी काहीही बसविता येत नसेल, किंवा मोटारीच्या स्प्रिंगा, केबल व ब्रेक सुस्थितीत नसतील, तर हा बेत सोडून देणेच योग्य. कारागिराकडून मोटार ताब्यात घेताना मालकाने ‘वेग धरते काय?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘ब्रेकचा एक मार्ग तोडला तरी सुटते काय?’ हे आपल्यासमोर करून दाखविण्यास सांगावे. या प्रश्नाचे उत्तर प्रात्यक्षिकाने मिळाल्याशिवाय अशा मोटारीचा ॲक्सिलरेटर यंत्राच्या स्वाधीन करू नये.